शेजारच्या सीटपुढचा ब्रेक

सूनबाईबद्दल सासऱ्यानं लिहायचं म्हणजे अवघड काम. चांगलं लिहिलं तर लोक म्हणणार, म्हाताऱ्याला तिच्या हातचं जेवायचं आहे. वाईट लिहिलं तर जेवायलाच मिळणार नाही. मी तिला विचारलं, तर ती म्हणाली, "लिहा की बाबा. फक्त माझा आवाज मोठा आहे, एवढं लिहू नका." नेमकं तेच टाळता येत नाही. महामारीच्या दिवसांत तिचा आवाज बसला, त्याबरोबर तिचा धंदाही बसायची वेळ आली, आणि मग ती त्यातून कशी बाहेर आली, एवढंच तर मला सांगायचं आहे.

ती लोकांना गाडी चालवायला शिकवते. तिच्या शाळेला इमारत नाही, फळा नाही. एक छोटी पांढरी गाडी हीच शाळा. टपावर पाटी, मागच्या काचेवर शिकाऊचं लाल अक्षर, आणि चालवणाऱ्याच्या शेजारच्या सीटपुढे, पायाशी आणखी एक ब्रेक. साध्या गाडीत तो नसतो. शिकणारा घाबरला किंवा ब्रेक समजून भलतंच काही दाबायला गेला, तर शिकवणाऱ्याला गाडी थांबवता यावी म्हणून तो मुद्दाम बसवून घेतात. दोन्ही ब्रेक आतून एकमेकांना जोडलेले असतात. इकडचा दाबला की तिकडचाही खाली जातो.

हा दुसरा ब्रेक वापरायची वेळ येऊ न देणं यातच सूनबाईचा सगळा अभिमान. "माझा पाय पडला म्हणजे माझं तोंड कमी पडलं," असं ती म्हणायची. आणि तोंड कधी कमी पडायचं नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला गाडी वळली की घरात बसून मला कळायचं.

"अहो काका, स्टिअरिंग आहे ते, कुणाचा गळा नव्हे. एवढं कशाला आवळताय?"

"क्लच हळू सोडा. पाहुण्यांना दारापर्यंत सोडायला जातो ना, तसा. हाकलून देऊ नका."

"आरशात बघा म्हटलं. स्वतःला नव्हे, मागच्या बसला!"

शिकायला येणारे तिला पाठीमागे 'भोंगाबाई' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. कारण भोंगाबाईकडे शिकलेला माणूस पहिल्या परीक्षेत पास होतो, असा लौकिक होता.

मग ती साथ आली आणि सगळं बंद झालं. एका बंद गाडीत दोन परकी माणसं शेजारी शेजारी बसणार, हे कोण चालू देणार? शिकवणी पहिल्याच झटक्यात थांबली. माझा मुलगा एका मोठ्या हॉटेलात स्वागतकक्षात होता. येणाऱ्याला हसून खोलीची किल्ली द्यायची, जाणाऱ्याला हसून निरोप द्यायचा. माणसांचं येणंजाणंच थांबलं, तेव्हा हसायचा पगार कोण देणार? आधी अर्धा पगार झाला, मग 'तूर्त घरी थांबा' झालं, मग हॉटेलवाल्यांनी फोन उचलणंच सोडलं. त्यात ही गाडी नवी. जुनी विकून, कर्ज काढून साथीच्या थोडं आधीच घेतलेली. गाडी खाली उभी, आणि तिचा हप्ता दर महिन्याला वर चढून येतच होता.

मुलगा स्वभावानं बोलका आणि विनोदी. काहीही विचारलं की म्हणायचा, "होईल गं, होईल." आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. कुणाला जरा एकटं बसायचं असेल तर जागा नाही. मग खालची गाडीच आमची तिसरी खोली झाली. मुलगा नोकरीसाठी फोन करायला तिच्यात जाऊन बसायचा. मी पेपर वाचायला जायचो. सूनबाई बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन चालू करायला जायची, आणि ते बंद करून झाल्यावरही बसून राहायची. मी एकदा खिडकीतून पाहिलं. ती चालवणाऱ्याच्या जागेवर नव्हती, शेजारच्या, आपल्या नेहमीच्या सीटवर होती. गाडी बंद, समोर इमारतीची भिंत, आणि ही पाय ताठ करून त्या भिंतीकडे बघत बसलेली.

हळूहळू सगळं उघडलं. बस कमी धावत होत्या, त्यात चढायला लोक घाबरत होते. ज्याच्या त्याच्या मनात आलं की आपली आपण गाडी चालवावी. सूनबाईकडे आधी कधी नव्हती एवढी माणसं शिकायला येऊ लागली. मला वाटलं, सुटलो.

पण माझी एक सवय आहे. बोलताना, जेवताना माझी नजर खालीच असते. त्यामुळे मला माणसांचे चेहरे उशिरा दिसतात आणि पाय आधी. जेवायच्या टेबलाखाली सूनबाईचा उजवा पाय मधूनच जमिनीवर दाबला जायचा. फोन वाजला की दाब. दार वाजलं की दाब. मुलगा म्हणाला, "उद्या एका ठिकाणी मुलाखत आहे," तेव्हा तर इतका जोरात की खालची चटई सरकली.

मुलाच्याही ते लक्षात आलं. तो हसत म्हणाला, "अगं, या घरात सगळं थांबलेलंच आहे. आता आणखी काय थांबवतेस?"

त्याला विनोद करायचा होता. ती ताट उचलून आत गेली. आम्ही दोघं बापलेक एकमेकांकडे न बघता जेवत राहिलो.

गाडीतही तेच चाललं होतं, हे मला शिकणाऱ्यांच्या तोंडून कळलं. तोंडावर मास्क, काचा उघड्या, बाहेरचा गोंगाट. बोललेलं ऐकू जायचं नाही, म्हणून तिनं बोलणं कमी केलं. आणि तोंडानं सोडलेलं काम पायानं उचललं. लांबवर कुणी रस्ता ओलांडताना दिसलं की ब्रेक. पुढच्या गाडीचा दिवा लागला की ब्रेक. शिकणाऱ्याला चूक करायलाही ती वेळ देईना. चष्म्याच्या दुकानाचे मालक तिच्याकडे शिकत होते. ते एक दिवस आमच्या दारात येऊन मला म्हणाले, "तुमच्या सूनबाई फार चांगल्या आहेत हो. पण गाडी मी चालवतोय की त्या, हे मला अजून समजलेलं नाही." पुढच्या आठवड्यापासून ते दुसऱ्या शाळेत जाऊ लागले. त्यांच्यामागून आणखी काही गेले. माणसं गेली की काळजी वाढायची, काळजी वाढली की पाय जास्त दाबला जायचा, आणि पाय दाबला की माणसं जायची.

झोप तर तिची कधीच उडाली होती. एका सकाळी चहा गाळताना तिची छाती अशी धडधडायला लागली की तिला वाटलं, आपल्याला साथीनं गाठलं. तपासणी झाली, काही निघालं नाही. कोपऱ्यावरचे डॉक्टर आमच्या घरच्यासारखे. ते म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. तुम्ही घाबरलेल्या आहात. आणि या दिवसांत न घाबरलेला माणूस माझ्याकडे आणा, मला त्यालाच आधी तपासायचं आहे." त्यांनी एका समुपदेशक बाईंचा नंबर दिला. फोनवर बोलायचं, पैसे नाहीत.

घरी येताना सूनबाई म्हणाली, "फुकट आहे म्हणजे कामाचं नसणार."

मी म्हटलं, "डॉक्टरांनी पैसे सांगितले असते तर?"

"तर परवडलं नसतं," ती म्हणाली आणि विषय संपला.

विषय संपला नाही तो नर्सबाईंमुळे.

ही नर्स सरकारी दवाखान्यात होती. सगळे तिला सिस्टरच म्हणत, आम्हीही. वयानं सूनबाईहून थोडी लहान, बोलायला फटकळ, हसायला मोकळी. कामाची पाळी सुटायच्या वेळेला बस नसायची, म्हणून थकलेल्या पायांनी ती घरापर्यंत चालत यायची. तिच्या भावानं परगावी जाताना आपली जुनी गाडी तिला दिली होती. ती दारात उभी होती, पण परवान्याशिवाय उपयोग काय? सूनबाईकडे ती मन लावून शिकली. तिच्या परीक्षेच्या दिवशी मला डोळे दाखवायला जायचं होतं, म्हणून मीही गाडीत होतो. परीक्षा सुरू झाली तेव्हा सूनबाईच्या सीटवर परीक्षक बसले, त्यांनी दुसऱ्या ब्रेकला पाय लावायचा नसतो; मी आणि सूनबाई मैदानाच्या कुंपणापाशी उभे राहिलो.

गाडी छान निघाली. खांबांमधून वळत गेली, चढावरून मागे न घसरता वर गेली. शेवटी एक पांढरी रेघ होती. तिथे थांबायचं. रेघेच्या पलीकडे जुन्या टायरांचा ढीग. गाडी रेघेजवळ आली, रेघ ओलांडली, आणि अगदी शांतपणे, कुणाला भेटायला गेल्यासारखी, जाऊन टायरांना टेकली.

मोडतोड काही झाली नाही. परीक्षक कागद सावरत उतरले. सिस्टर उतरली ती रडवेली होऊन. "मी ब्रेकवर पाय ठेवला होता," ती परत परत सांगत होती. "खरंच ठेवला होता. रोज एवढ्यानंच थांबते गाडी!"

परीक्षक म्हणाले, "ठेवून थांबत नसते बाई, दाबावा लागतो."

मी सूनबाईकडे पाहिलं. म्हणजे खालीच पाहिलं. तिचा उजवा पाय कुंपणाशेजारच्या खडीत चांगला रुतला होता. तिथून, एवढ्या लांबून, ती गाडी थांबवायला बघत होती.

परत येताना सिस्टरच्या दारापाशी गाडी थांबली तेव्हा सूनबाई म्हणाली, "सिस्टर, तुमची चूक नाही. तुम्ही आजपर्यंत एकदाही गाडी थांबवलेली नाही. तुम्ही पाय ठेवायच्या आत मी इकडून दाबायची. तुम्हाला वाटायचं, आपणच दाबला."

सिस्टर बघत राहिली. "म्हणजे इतके दिवस मी नुसतं स्टिअरिंग धरून बसले होते?"

"हो."

"आणि फी मी दिली?"

"हो."

मला वाटलं, आता ही भडकणार. ती बराच वेळ बोटातली किल्ली फिरवत राहिली. मग म्हणाली, "आमच्याकडेही साथीत हेच झालं. नवीन मुली आल्या होत्या. त्यांचा हात जरा थरथरला की आम्ही सुई काढून घ्यायचो. आण इकडे, मी टोचते. चूक व्हायला नको ना! मग त्या शिकल्याच नाहीत, आणि आम्ही उभ्या उभ्या मेलो." दार उघडताना ती वाकून म्हणाली, "पण मला परवाना हवाय हं बाई. पायात त्राण नाही राहिलं आता."

दुसऱ्या दिवशी सूनबाई खाली गाडीत जाऊन बसली आणि तिनं तो फोन केला. बऱ्याच वेळानं वर आली. मी स्वयंपाकघरात मटार सोलत होतो. ती स्टुलावर बसली, चार शेंगा स्वतःपुढे ओढल्या.

"बाबा, त्या फोनवाल्या ताईंनी विचारलं, ब्रेक दाबता तेव्हा समोर काय दिसतं?"

"मग?"

"मी म्हटलं, गाडीचा हप्ता."

मला हसू आलं. तीही हसली, आणि हसता हसता रडायला लागली. "खरंच सांगते. कुणी आडवं आलं की मला माणूस दिसतच नाही. गाडीला पोचा पडला, गाडी गॅरेजात गेली, शिकवणी बंद, हप्ता चुकला, गाडी ओढून नेली, आपण तिघं रस्त्यावर. एवढं सगळं एका क्षणात दिसतं. मग पाय कसा थांबणार?"

मी सोललेले मटार तिच्याकडे सरकवले. ते का सरकवले, मला अजून कळलेलं नाही. पण तिनं ते घेतले.

पुढे ती त्या ताईंशी बरेच दिवस बोलत राहिली. दर वेळी गाडीत बसून, काचा वर करून. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट आमच्या सगळ्यांच्या उपयोगी पडली. काळजीला वेळ ठरवून द्यायची. दिवसभर तिला घरभर फिरू द्यायचं नाही. शनिवारी दुपारी तिघांनी टेबलाशी बसायचं आणि पैशाचं काय ते तेव्हा बोलायचं. इतर वेळी मनात आलं की म्हणायचं, शनिवारी.

पहिल्या शनिवारी मुलगा खुर्ची ओढत म्हणाला, "चला, सभेला सुरुवात करू. अध्यक्षमहाराजांना हार घाला."

"आज विनोद नको," सूनबाई म्हणाली.

"बरं."

"आणि 'होईल गं' पण नको."

हे ऐकून तो एकदम गप्प झाला. विनोद काढून घेतला तर या मुलाकडे एवढं थोडं शिल्लक राहतं, हे मला बाप असून माहीत नव्हतं. मग तो म्हणाला, "मी 'होईल गं' म्हणतो ना, ते तुला नाही म्हणत. मला म्हणतो. मुलाखतीला जातो तिथे माझ्या निम्म्या वयाचा पोरगा विचारतो, सर, तुम्हाला हे जमेल का? मी हसतो. ती हसायची सवय जात नाही."

सूनबाईनं त्याच्या हातावर हात ठेवला. मी नजर खाली केली. टेबलाखाली दोघांचेही पाय स्वस्थ होते.

त्या दुपारी काही चमत्कार झाला नाही. पण कर्ज देणाऱ्यांकडे जाऊन हप्ता लहान करून मागायचा, मुदत वाढली तर वाढू दे, असं ठरलं. हे मागायची दोघांनाही लाज वाटत होती, आणि दोघांनाही वाटत होतं की लाज फक्त आपल्यालाच वाटते. दुकानातून सामान घरोघर पोचवायचं काम मुलाला मिळत होतं. 'आपल्याला शोभेल का' म्हणून त्यानं ते लांबवलं होतं. ते सोमवारपासून करायचं ठरलं. मीही म्हटलं, माझी पेन्शन माझ्या आजारपणासाठी म्हणून बाजूला ठेवता, ती घरात वापरा. आजारी पडलो तर तेव्हा बघू. शनिवारी.

"बाबा बोलले!" मुलगा म्हणाला. त्याला कुणी विनोद नको म्हणून अडवलं नाही.

हप्ता खरंच लहान झाला. मागायला गेल्यावर तिथल्या माणसानं सहज सांगितलं, की रोज कितीतरी लोक याच कामासाठी येतात. सूनबाई घरी येऊन म्हणाली, "एवढ्यासाठी मी इतके महिने जागी होते?" पण पाय अजून ऐकत नव्हता. डोक्याला पटलं तरी पायाला पटायला वेळ लागतो, असं त्या ताई म्हणाल्या होत्या.

सिस्टरला परत शिकवायचं होतं, तेही फी न घेता. एका मोठ्या बाजारसंकुलाला टाळं लागलं होतं आणि त्याच्या वाहनतळावर चिटपाखरू नव्हतं. सूनबाईनं गाडी तिथे नेली, सिस्टरला चालवायला बसवलं, मला मागे बसवलं. मग स्वतः आपल्या सीटवर चढली, चपला काढल्या, आणि दोन्ही पाय वर घेऊन चक्क मांडी घातली.

सिस्टर म्हणाली, "बाई, ताट वाढू का?"

"गप्प बसा. पहिल्या गिअरमध्ये टाका आणि त्या खांबापाशी थांबवा. मी काही करणार नाही."

गाडी निघाली. खांब जवळ आला. सूनबाईच्या मांडीची घडी सुटू पाहत होती, तिनं दोन्ही हातांनी घोटे धरून ठेवले. आणि मग, पाय अडकलेले, हात अडकलेले, म्हणून की काय, तोंड सुटलं.

"ब्रेक. ब्रेक... अहो, ब्रेक! नाडी बघताय का? नुसतं टेकवून काय कळणार? दाबा!"

गाडी धाडकन थांबली. माझं कपाळ पुढच्या सीटला लागलं. सिस्टर मोठ्यानं ओरडली, "मी थांबवली!"

"थांबवली. आणि आजोबांना जवळजवळ दवाखान्यात नेलंत. आता तेच, पण हळू."

मला जराही लागलं नव्हतं. उलट इतकं बरं वाटलं होतं की मी कपाळ चोळायचंही विसरलो.

वाहनतळावर जमलं, पण रस्त्यावर मांडी घालून चालणार नव्हतं. तिथे तिचा पाय ब्रेकजवळ असायलाच हवा. म्हणून तिनं मला काम दिलं. "बाबा, तुम्ही मागून माझ्या पायाकडे बघत राहा. विनाकारण दाबायला लागला की मोठ्यानं म्हणायचं, पाय!"

आता मी सासरा. जन्मात कुणावर आवाज चढवला नाही, आणि सुनेला मोठ्यानं 'पाय' म्हणायचं? पहिल्या दिवशी मी म्हटलं ते मलाही नीट ऐकू आलं नाही.

सिस्टर म्हणाली, "आजोबा, तुम्ही मंत्र म्हणताय की सांगताय? मोठ्यानं!"

"पाय," मी म्हटलं.

"अजून!"

"पाय!"

शेजारून जाणारा सायकलवाला दचकून आमच्याकडे बघायला लागला. सूनबाईनं पाय उचलला आणि हसू दाबत म्हणाली, "हे बरं. आता घरात दोन भोंगे."

असे आम्ही रोज निघायचो. पुढे दोघी, मागे मी. पहिल्या दिवसांत माझा घसा दुखायचा. मग मी कमी ओरडू लागलो, आणि तिचं बोलणं वाढू लागलं. पुढचा दिवा पिवळा होणार आहे, आत्तापासून पाय तयार ठेवा. ती बाई फोनवर बोलतेय, ती न बघता उतरणार. पाय येण्याआधी शब्द येऊ लागला. सिस्टर थांबवू लागली, आणि अशी थांबवू लागली की माझ्या मांडीवरचा पेपर हलायचा नाही.

परीक्षेच्या थोडं आधी आम्ही एका अरुंद रस्त्यावरून चाललो होतो. एका कडेला गाड्या ओळीनं उभ्या होत्या. सिस्टर सांगितल्याप्रमाणे आरशात बघत होती. तेवढ्यात उभ्या टेम्पोच्या आडून एक सायकल सरळ आमच्यापुढे आली. सूनबाईचा पाय खाली गेला. माझं तोंड सवयीनं उघडलं होतं, ते तसंच मिटलं. गाडी थांबली. सायकलवाला डगमगला, सावरला, हात वर करून निघून गेला.

सिस्टरचा चेहरा उतरला. "परत तुम्ही दाबला?"

"दाबला. तुम्हाला तो दिसणं शक्य नव्हतं. हा ब्रेक माझाच होता, सिस्टर. याच्यासाठीच तो बसवलाय."

मग ती मागे वळली. "बाबा, तुम्ही ओरडला नाहीत?"

"नाही."

ती पुन्हा समोर बघू लागली. सायकलवाला गेला त्या दिशेला. "केवढासा पोरगा होता," ती म्हणाली. "डोक्यावर साधं हेल्मेटही नाही. आईला पत्ता नसेल." आणि मग सिस्टरच्या खांद्यावर थाप मारून, "चला, निघा. मागे लोक खोळंबलेत."

सिस्टर पास झाली. परवाना हातात आल्या दिवशी ती भावाची जुनी गाडी घेऊन आमच्या दारात आली. सूनबाईला आणि मला फिरवून आणल्याशिवाय जाणार नाही म्हणाली. सूनबाई पुढे तिच्या शेजारी बसली, मी मागे. त्या गाडीला दुसरा ब्रेक नव्हता. सूनबाईपुढे नुसती जमीन होती, जुन्या रबरी चटईनं झाकलेली.

पहिल्या चौकापर्यंत ती सूचना देत होती. दुसऱ्या चौकात तिचं बोलणं कमी झालं. मला धाकधूक वाटली, म्हणून मी सवयीप्रमाणे तिच्या पायाकडे पाहिलं. पाय सैल पडला होता, चप्पल अर्धी निसटलेली. मी हळूच पुढे वाकून चेहरा पाहिला. मान खिडकीकडे कलंडली होती. सूनबाई गाढ झोपली होती.

सिस्टरनं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "आजोबा, घर आलं जवळ. वळू का डावीकडे?"

"नको," मी म्हटलं. "सरळ जा. लांबून घ्या जरा."